राष्ट्रीय संघ कोठे घडतो? : सतरा वर्षांखालील मुलींच्या भारतीय फुटबॉल संघाचा एक अभ्यास

११ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री भुवनेश्वरच्या कलिंग स्टेडियमवर भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींचा संघ विश्वचषक स्पर्धेतील आपला पहिला सामना खेळण्यास उतरला. समोर अमेरिकेचा संघ होता. सामना संपला तेव्हा अमेरिकेचे आठ गोल झाले होते आणि भारताचा एकही नव्हता. तीन दिवसांनी मोरोक्कोने तीन गोलांनी आणि १७ ऑक्टोबरला ब्राझीलने पाच गोलांनी भारताचा पराभव केला. तीन सामन्यांत सोळा गोल स्वीकारून आणि स्वतः एकही गोल न करता यजमान संघाची स्पर्धा संपली.

बरोबर तीन वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०२५ रोजी, किरगिझस्तानच्या बिश्केक शहरात त्याच वयोगटाचा दुसरा भारतीय संघ उझबेकिस्तानविरुद्ध एका गोलाने मागे पडला होता. उत्तरार्धात त्याने दोन गोल केले, सामना जिंकला आणि २०२६ मध्ये चीनमध्ये होणाऱ्या आशियाई स्पर्धेत स्थान मिळविले. २००५ मध्ये भारताने या वयोगटाची आशियाई स्पर्धा खेळली होती; परंतु तेव्हा पात्रता फेरी नव्हती. पात्रता फेरी जिंकून मुख्य स्पर्धेत जाण्याची ही पहिलीच वेळ.

या दोन तारखांमध्ये काय घडले, असा प्रश्न सहज पडतो. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या तारखेच्या आधी काय घडायचे राहून गेले होते? मुलींचा राष्ट्रीय संघ राष्ट्रीय शिबिरात घडत नाही. तो त्याच्या दहा वर्षे आधी शाळेच्या मैदानावर, घराच्या उंबरठ्यावर आणि जेवणाच्या ताटात घडतो. शिबिरात केवळ निवड होते आणि शेवटचा हात फिरतो. हे विधान आम्ही येथे तपासून पाहणार आहोत, कारण निवासी शाळा चालविणाऱ्यांना आणि तेथे शिकणाऱ्या मुलींना ते जवळून स्पर्श करते.

दीर्घ परंपरा, मधला खंड

भारतात मुलींचे फुटबॉल नवे आहे, हा समज खरा नाही. १९७५ मध्ये महिलांच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि लखनौ येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. केरळातील कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या आणि १९८३ मध्येही त्यांनी तेच स्थान मिळविले. त्याच वर्षी शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आज आशियात अग्रेसर असलेले अनेक देश त्या काळी या खेळात नुकते पाऊल टाकत होते.

पुढे मात्र खंड पडला. महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ मध्ये चीनमध्ये झाली. मुलींच्या वयोगटांच्या जागतिक स्पर्धा त्यानंतर सुरू झाल्या : एकोणीस वर्षांखालील २००२ मध्ये कॅनडात आणि सतरा वर्षांखालील २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये. इतर देशांनी या स्पर्धांसाठी बारा-तेरा वर्षांच्या मुलींचे संघ बांधण्यास आरंभ केला. आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय लीग सुरू होण्यास २०१६-१७ चा हंगाम उजाडावा लागला. मधल्या काळात ओइनाम बेमबेम देवी यांच्यासारख्या मणिपुरी खेळाडूंनी दोन दशके हा खेळ जिवंत ठेवला. परंतु त्यांच्या मागे उभी राहील अशी शालेय रचना देशभर निर्माण झाली नाही.

भारताला सतरा वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद मिळाले ते प्रथम २०२० सालासाठी. यजमान म्हणून संघास थेट प्रवेश होता. स्वीडनचे अनुभवी प्रशिक्षक थॉमस डेनरबी यांची नियुक्ती झाली आणि शिबिर सुरू झाले. तोच महामारी आली. स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली व नंतर रद्द झाली. भारताला २०२२ चे यजमानपद देण्यात आले. प्रशासकीय दृष्टीने ही भरपाई होती. खेळाडूंच्या दृष्टीने ती भरपाई नव्हती. २००३ आणि २००४ मध्ये जन्मलेल्या ज्या मुलींनी पहिल्या स्पर्धेसाठी घाम गाळला, त्या २०२२ पर्यंत वयोमर्यादा ओलांडून गेल्या होत्या. वयोगटाच्या खेळात संधी एकदाच येते आणि ती राखून ठेवता येत नाही. दोन वर्षे मैदाने बंद राहिल्याने नव्या तुकडीलाही नेमक्या शिकण्याच्या वयात सामने मिळाले नाहीत.

शिबिराची शक्ती आणि मर्यादा

२०२२ च्या संघासाठी काहीच केले गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जमशेदपूरला दीर्घ शिबिर झाले. मार्च महिन्यात तेथेच झालेली अठरा वर्षांखालील दक्षिण आशियाई स्पर्धा भारताने जिंकली. उन्हाळ्यात संघ इटली व नॉर्वे येथे खेळला आणि विश्वचषकाच्या तोंडावर स्पेनलाही जाऊन आला. इटलीने भारताला सात गोलांनी हरविले, तेव्हाच पुढील चित्राची कल्पना आली होती. त्यातच ऑगस्ट महिन्यात जागतिक संघटनेने भारतीय महासंघाला निलंबित केले. निलंबन अकराव्या-बाराव्या दिवशी उठले. पण तोपर्यंत स्पर्धा भारतात होणार की नाही, याविषयी सोळा वर्षांच्या मुली अनिश्चिततेत होत्या.

काही महिन्यांचे उत्तम शिबिर मुलींना अधिक तंदुरुस्त करू शकते. बचावफळीने एका रेषेत कसे सरकावे, चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय करावे, हे शिकवू शकते. परंतु धावत्या चेंडूला पहिल्याच स्पर्शात काबूत आणणे, मान वर ठेवून खेळणे, दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने चेंडू देणे, या सवयी आठ ते बारा या वयात लागतात. मुलींच्या उंचीची वाढ साधारणतः बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने होते. त्याआधी चेंडूशी झालेली मैत्री शरीर बदलले तरी टिकते. पंधराव्या वर्षी जी मुलगी प्रथमच नियमित प्रशिक्षणाखाली येते, तिला हे सर्व आणि डावपेच एकाच वेळी शिकावे लागतात.

अमेरिकेच्या आठ गोलांचे मूळ येथे सापडते. १९७२ मध्ये तेथे एक कायदा झाला. शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलामुलींत भेद करण्यास त्याने मनाई केली, आणि त्याचा परिणाम शाळांच्या क्रीडांगणांवर झाला. त्या सुमारास अमेरिकेतील माध्यमिक शाळांत फुटबॉल खेळणाऱ्या मुली जेमतेम सातशे होत्या. पुढे ती संख्या साडेतीन लाखांच्या पलीकडे गेली. कलिंग स्टेडियमवर उतरलेल्या अकरा मुली या लाखोंमधून गाळून आलेल्या होत्या. आपला संघही गुणवान होता. पण ज्या समुदायातून तो निवडला गेला तो फारच लहान होता.

केवळ संपत्तीने हे साधते असेही नाही. त्याच स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत नवी मुंबईच्या मैदानावर याच अमेरिकेला नायजेरियाने पेनल्टी फटक्यांवर बाहेर काढले आणि पुढे तिसरे स्थान मिळविले. नायजेरिया श्रीमंत देश नाही. मात्र तेथे मुलींचे फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या अखंड खेळले गेले आहे. मैदानावर सातत्याने खेळणाऱ्या मुलींची संख्या, ही या खेळातील खरी पुंजी होय.

घरापासून मैदानापर्यंतचा रस्ता

२०२२ च्या एकवीस जणींच्या संघात सहा मुली झारखंडच्या होत्या. मणिपूरचा मोठा गट होता, हरियाणाच्या मुली होत्या, आणि आपल्या पुण्याची काजोल डिसूझाही होती. या प्रदेशांची नावे योगायोगाने येत नाहीत. मणिपुरात मुलीने फुटबॉल खेळणे कोणाला खटकत नाही. हरियाणातील अलखपुरा या गावाने शाळेच्या मैदानावरून मुलींच्या फुटबॉलसाठी देशभर नाव मिळविले. झारखंडमध्ये शासनाने मुलींसाठी निवासी प्रशिक्षण केंद्रे चालविली. जेथे शाळा, मैदान आणि समाजाची संमती ही तिन्ही एकत्र आली, तेथूनच खेळाडू आल्या.

संघाची कर्णधार अष्टम उरांव ही गुमला जिल्ह्यातील एका आदिवासी मजूर कुटुंबातील मुलगी. हजारीबागच्या निवासी केंद्रात ती घडली. विश्वचषकाच्या दिवसांत तिच्या सन्मानार्थ प्रशासनाने तिच्या घरापर्यंत रस्ता बांधावयास घेतला. वृत्तपत्रांनी तेव्हा हेही नोंदविले की त्या रस्त्याच्या कामावर रोजंदारीने राबणाऱ्यांत तिचे स्वतःचे आई-वडील होते. या बातमीकडे आम्ही कौतुकाने पाहत नाही आणि करुणेनेही पाहत नाही. मुलगी देशाची कर्णधार होईपर्यंत घरापर्यंत रस्ता नव्हता, हे यातील सत्य आहे. सन्मान आला तो शेवटी. तो आधी आला असता तर त्या गावातून आणखी किती मुली मैदानापर्यंत पोहोचल्या असत्या, हा हिशेब कोणी मांडलेला नाही.

अडथळा केवळ रस्त्याचा नसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २३.३ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाच्या आत झालेला होता. झारखंडात हे प्रमाण ३२.२ टक्के आणि आपल्या महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. म्हणजे सतरा वर्षांखालील संघाची निवड ज्या वयात होते, त्याच वयात आपल्याकडील कित्येक मुलींची निवड सासरी जाण्यासाठी झालेली असते. क्रीडाप्रशिक्षकाचे पहिले काम म्हणूनच अनेकदा मैदानावर नव्हे, तर पालकांच्या ओसरीवर असते. तिला आणखी दोन वर्षे खेळू द्या, शिकू द्या, एवढेच त्याला सांगावयाचे असते. परंतु ते पुन्हा पुन्हा, न कंटाळता सांगावे लागते.

अन्न, शरीर आणि सुरक्षितता

याच पाहणीतील दुसरा आकडा खेळाच्या दृष्टीने अधिकच बोलका आहे. १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. फुटबॉलच्या एका पूर्ण सामन्यात खेळाडू आठ-दहा किलोमीटर धावते, आणि त्यातील कित्येक धावा अकस्मात व पूर्ण वेगाच्या असतात. स्नायूंना प्राणवायू पोहोचविण्याचे काम रक्तातील हिमोग्लोबिन करते व त्यासाठी लोह लागते. लोह कमी असलेली मुलगी पहिला अर्धा तास उत्साहाने खेळते आणि मग तिचे पाय जड होतात. पाहणारे म्हणतात, हिच्यात जिद्द नाही. वास्तविक कमतरता जिद्दीची नसून रक्ताची असते.

यावरील उपाय महाग नाहीत. कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या, नाचणी, शेंगदाणे, चालत असल्यास अंडी. जेवणात लिंबू किंवा आवळा, कारण त्यातील जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणास लागूनच चहा न घेणे, कारण त्याने ते शोषण घटते. आठवड्यातून एकदा शाळेत मिळणारी लोहाची गोळी टाकून न देता घेणे आणि जंतनाशक गोळीचा दिवस न चुकविणे. वसतिगृहाचे स्वयंपाकघर हे मुलींच्या संघाचे पहिले प्रशिक्षण केंद्र आहे, असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने.

मुलींच्या शरीराची दुसरी विशेष बाब गुडघ्याची आहे. दिशा बदलताना किंवा उडीनंतर जमिनीवर येताना गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक असतो. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या सुमारे एकोणीसशे मुलींवर केलेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरावापूर्वी वीस मिनिटे धावणे, तोल सांभाळणे, मांडीचे व पोटाचे स्नायू बळकट करणे आणि गुडघे आत न झुकविता उडी घेणे, असे ठराविक व्यायाम ज्या संघांनी केले, त्यांच्यातील दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. या व्यायामांस कोणतेही यंत्र लागत नाही. शिस्त मात्र लागते. मासिक पाळीविषयी मोकळेपणाने बोलता येणे, मैदानाजवळ स्वच्छ शौचालय व पाणी असणे, हेही याच यादीत येते. अनेक शाळांत मुली खेळ सोडतात त्या याच कारणाने, आणि कारण मात्र अभ्यासाचे सांगितले जाते.

तिसरी गोष्ट सांगणे कठीण असले तरी आवश्यक आहे. २०२२ च्या युरोप दौऱ्यात या संघाच्या एका सहायक प्रशिक्षकावर अल्पवयीन खेळाडूशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला. त्याला मायदेशी परत बोलाविण्यात आले व नंतर पदावरून दूर करण्यात आले. आई-वडील ज्यांच्या भरवशावर मुलगी दूर पाठवितात, त्यांच्याकडूनच भय निर्माण झाले तर त्या एका मुलीचाच नव्हे, तिच्या गावातील दहा मुलींचा मार्ग बंद होतो. मुलींच्या प्रत्येक संघासोबत जबाबदार स्त्री असणे, तक्रार कोणाकडे करावी हे प्रत्येक मुलीला आधीच ठाऊक असणे, आणि तक्रार केल्यामुळे संघातील जागा जाणार नाही याची तिला खात्री असणे, या तीन गोष्टी डावपेचांच्या आधी येतात. आमच्यासारख्या निवासी संस्थांनी हा धडा स्वतःस लागू करून घ्यावयास हवा.

पराभवाचा उपयोग

आता पुन्हा त्या आठ गोलांकडे वळू. एवढ्या पराभवानंतर संघ मोडीत काढावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वयोगटाच्या संघाचे मोल त्या स्पर्धेच्या निकालावर ठरत नाही. त्यातून पुढे कोण उभे राहते यावर ठरते. २०१४ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानने स्पेनला दोन गोलांनी हरविले. त्या पराभूत संघात आयताना बोन्माती होती. स्पेनने ती घडण थांबविली नाही. २०१८ आणि २०२२ मध्ये त्याने हा वयोगट जिंकला. २०२२ चा अंतिम सामना तर आपल्या नवी मुंबईत झाला. २०२२ मध्येच वीस वर्षांखालील विजेतेपदही त्याने मिळविले, आणि २०२३ मध्ये स्पेनच्या महिला विश्वविजेत्या झाल्या. बोन्माती त्या वर्षी जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरली. २०१८ च्या विजयी मुलींमधील साल्मा पारालुएलो २०२३ च्या विश्वविजेत्या संघातही होती. पायऱ्या तुटल्या नाहीत, म्हणून शिखर गाठता आले.

आपल्याकडेही अशी एक पायरी या खेपेस तुटली नाही. भुवनेश्वरला खेळलेल्या संघातील शुभांगी सिंह ही २०२५ मध्ये वीस वर्षांखालील भारतीय संघाची कर्णधार होती. त्या संघाने ऑगस्ट महिन्यात यांगून येथे यजमान म्यानमारला एका गोलाने हरविले आणि जवळजवळ वीस वर्षांनी या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेत भारताला स्थान मिळवून दिले. त्याच वर्षी जुलैमध्ये वरिष्ठ महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळविली होती. आणि ऑक्टोबरात बिश्केकला सतरा वर्षांखालील मुलींनी, स्वीडनचे योआकिम अलेक्झांडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली, तिसरी पायरी चढली. त्या सामन्यात राखीव खेळाडूंतून मैदानात आलेल्या थंडामोनी बास्के हिने ५५ व्या मिनिटास बरोबरीचा गोल केला, आणि ६६ व्या मिनिटास तिच्याच पासवर अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. प्रथम अकरांत नसलेली मुलगी सामना फिरवू शकते, ही गोष्ट प्रत्येक शाळेतील राखीव खेळाडूने ध्यानात ठेवावी अशी आहे.

या यशाने आपण हुरळून जाऊ नये. आशियाई स्पर्धेची पात्रता म्हणजे जपान, चीन आणि उत्तर कोरिया यांच्याशी सामना करण्याची परवानगी होय. उत्तर कोरियाच्या मुलींनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे सतरा वर्षांखालील विश्वचषक जिंकला आहे. तेव्हा मोठे पराभव यापुढेही होतील. फरक इतकाच की २०२२ मध्ये आपण निमंत्रणाने गेलो होतो आणि आता स्वतःच्या पायांनी जात आहोत.

आपल्या शाळेपुरते

या सर्व अभ्यासातून निवासी शाळेने काय घ्यावे? राष्ट्रीय महासंघाच्या हाती जे नसते, तेच आपल्या हाती असते. मुली रोज मैदानाजवळ राहतात. त्यांना प्रवासाची अडचण नाही. त्यांचे ताट आपण वाढतो. त्यांची दिनचर्या आपण ठरवितो. म्हणून पाच गोष्टी आम्ही सुचवितो. मैदानाच्या वेळेचा अर्धा वाटा मुलींसाठी वेळापत्रकात लिहून ठेवावा; उरलेला वेळ म्हणून तो देऊ नये. चेंडूचा सराव इयत्ता पाचवीपासून सुरू करावा व प्रत्येकीच्या वाट्याला चेंडू यावा, एवढे चेंडू घ्यावेत. सराव कितीही असो, वर्षात शेजारच्या शाळांशी अधिकाधिक सामने ठरवावेत, कारण सामन्यावाचून शिकलेले पक्के होत नाही. वर्षातून दोनदा मुलींचे हिमोग्लोबिन तपासून त्यानुसार आहार ठेवावा. आणि पालकसभेत क्रीडा हा विषय शेवटी घाईने न उरकता आरंभीच घ्यावा.

यातून प्रत्येक मुलगी भारतीय संघात जाईल, असे आश्वासन आम्ही देत नाही. बहुतेक जणी जाणार नाहीत. पण त्यांचे रक्त सुधारेल, पाठ ताठ राहील, शिक्षण दोन वर्षे अधिक टिकेल आणि हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर जाण्याची सवय लागेल. त्यांच्यातील एखादी पुढे गेलीच, तर तिच्यासोबत खेळून तिला घडविणाऱ्या बाकीच्याही त्या संघाच्या मानकरी असतील.

आज आपल्या शाळेत पाचवीत बसलेली मुलगी आणखी सहा-सात वर्षे सतरा वर्षांखालील गटात असेल. तिच्या राष्ट्रीय शिबिराचा दिवस अद्याप दूर आहे. परंतु तिचा सराव उद्या सकाळी साडेपाचला, प्रार्थनेच्या आधी, आपल्याच मैदानावर सुरू व्हावयाचा आहे.